तिसरी ओळ

सदरमधल्या आमच्या कंपनीत फाइली सांभाळायचं सॉफ्टवेअर बनतं. त्यात फोल्डर यादीत दिसत असताना राइट क्लिक केलं, की तिसऱ्या ओळीत ‘नाव बदला’ येतं. तेच फोल्डर मोठ्या चित्रांत पाहताना मात्र तिसऱ्या ओळीत ‘काढून टाका’. दोन्ही मेनू सारखे करा म्हणून मी साहेबांशी किती भांडलो. त्यांचं एकच उत्तर, "लोकांले सवय होते गा."

माझी वहिनी जरीपटक्यात ब्लाउज शिवते. शिवलेल्या प्रत्येक गळ्याचा फोटो ती पेन ड्राइव्हमध्ये ठेवते आणि नवी गिऱ्हाइकं त्यातूनच गळा निवडतात. हे सॉफ्टवेअर मीच तिला मोठ्या कौतुकानं टाकून दिलं होतं. तिचा हात त्यावर इतका बसला, की मेनू वाचायची तिला गरजच उरली नाही. परवा तिनं चित्रं मोठी केली आणि फोल्डरचं नाव बदलायला गेली. सगळे गळे गेले. पेन ड्राइव्हवरचं पुसलेलं आमचं सॉफ्टवेअर परत देत नाही.

"काहून असं झालं, भाऊजी? मी तं नेहमीचंच दाबलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते हसले. "होईल तिले सवय."

"सवय होती," मी म्हणालो, "म्हणूनच तं गेलं."