पलीकडच्या खाटेचा पडदा

“चलो बताओ, आज इसके पेट में क्या है?” डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाकडे धरून शिकाऊ पोरांना विचारलं. एक म्हणाला चावी. दुसरी म्हणाली क्लिप. हशा पिकला. मी कॅज्युअल्टीत खाटेवर, कुर्ता छातीपर्यंत वर. येणारेजाणारे बघत होते. आई माझ्यावर ओढणी धरून उभी होती.

हो, मी पुन्हा गिळलं होतं. जे गिळायचं नसतं ते. वॉर्डबॉय मला ओळखतो. “फिर आ गई मलकपेठवाली. इसकू आदतच है.” आदत म्हणे. आतून काहीतरी दाटून येतं, ते दाबायला मी गिळते. कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही.

पहिल्या खेपेला, या परमुलखातल्या शहरात आईचं मराठी ऐकून हेच डॉक्टर खुलले होते. “अरे वा, आपलीच माणसं. कुठले तुम्ही? आडनाव काय?” आईने परभणीकडचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ते “अच्छा” म्हणाले. तेव्हापासून आमच्याशी हिंदीतच बोलतात.

त्या दुपारी पलीकडच्या खाटेवर विद्यानगरची मुलगी आली. माझ्याच वयाची. आईवडील पुण्याचे, आयटीतले. तिनेही गिळलं होतं, परीक्षेच्या धास्तीने. डॉक्टरांनी आधी पडदा ओढला. तिच्या आईला खुर्ची दिली. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, “घाबरू नकोस गं बाळा. सांग, काय झालं?” मानसोपचाराच्या मॅडमना लगेच फोन गेला.

मी जळले. पोट दुखत होतं त्याहून जास्त जळले. त्या डागाळलेल्या हिरव्या पडद्यावर, त्या खुर्चीवर. आणि ‘काय झालं’ या दोन शब्दांवर तर सगळ्यात जास्त. पुन्हा तेच दाटून आलं. हात आपसूक काहीतरी शोधू लागला.

तोच हात पुढे करून मी डॉक्टरांची बाही धरली.

“माझाही पडदा ओढा. मॅडमना माझ्याकडेही पाठवा. आणि मराठीत विचारा, काय झालं.”

“तमाशा मत करो.”

“सोड गं माय, मोठी माणसं हायेत,” आई पुटपुटली. मी सोडलं नाही. पोरांचं हसणं थांबलं होतं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ओढणी माझ्या अंगावर टाकली आणि माझ्या खाटेचा गाठ मारून वर बांधलेला पडदा स्वतः सोडला.

बरी होईन की नाही, माहीत नाही. पुन्हा यावं लागलं तर येईन. पण पडदा ओढल्याशिवाय अंगावरचा कपडा कुणाला वर करू देणार नाही. आणि काय झालं ते त्यांनी ऐकून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.