लाईन आली तवा

काल वादळात लाईन गेली. आता घरोघरी इन्व्हर्टर, म्हून गल्लीत कोनी निंगालं नाई. म्या कंदील लावला अन् घासलेटच्या वासानं हिवरखेडची एक जुनी संध्याकाळ आठवली.

तवाही वादळानं खांब पडले होते, लाईन लय दिवस नोती. सारी गल्ली बाजा टाकून बाहीर बसे. म्या बैल पानी पाजाले नेला अन् सोताच हौदात पडलो, थे सांगून राहिलो होतो. शेजारची शांताकाकू म्हने, "काहून रे बाप्पा, बैलाले तरी इचारा लागत होतं!" सारे खो-खो हासले. बायको वारल्यावर येवढे लोकं माह्यापाशी पयल्यांदाच बसले होते.

तितक्यात "आली रे आली!" म्हनत सारे टीवीपाशी पयाले.

उरलेली गोष्ट म्या रिकाम्या बाजाईले सांगतली. हासलं कोनी नाई, पन उठूनही गेलं नाई.