मावशीचा गुलाब गोठला तेव्हा

माझी मावशी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. चादरी वाफेवर उकळायच्या, पिळायच्या, इस्त्रीला धाडायच्या. घरी आली की अंगाला फिनेलचा वास. काका म्हणायचे, आमच्या घरात जंतूंना प्रवेशबंदी आहे. निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या पडीक तुकड्यात गुलाबाच्या दोनशे काड्या लावल्या. अत्तरासाठी तेल काढायचं म्हणाली. काकांनी कपाळाला हात लावला.

मी तेव्हा तिच्याकडे राहून शिकत होते. तिसऱ्या वर्षी झाडं बहरली. ऊन चढलं की वास उडतो, म्हणून मावशी आणि काका उजाडायच्या आत बागेत. काकांचे हात काट्यांनी ओरबाडून निघाले. तोंडाने कुरकुर आणि हाताने तोडणी, दोन्ही जोरात चालू. शेजारच्या तांबटाने बंद झाकणाचं भांडं घडवून दिलं. झाकणातली नळी गार पाण्याच्या पिंपातून फिरून बाटलीत उतरायची. वाफेचं मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नुसत्या आवाजावरून ती जाळ कमीजास्त करायची.

चार टोपल्या फुलं उकळली. निघालेलं पाणी परत उकळलं. संध्याकाळी पाहिलं तर बाटलीत नुसतं पाणी. घर घमघमत होतं, पण तेलाचा थेंब दिसेना. तांबट म्हणाला, भांड्यात खोट नाही, फुलंच कमी पडली, द्या ओतून. मावशीने ओतलं नाही. बाटली तिने मागच्या खिडकीत ठेवून दिली.

पहाटे चांगलाच गारठा होता. काका बागेत जायला निघाले आणि खिडकीपाशीच थबकले. बाटलीच्या गळ्यात, पाण्यावर, नखाएवढी फिकट पिवळी साय धरली होती आणि तिच्यात सुयांसारखे बारीक स्फटिक चमकत होते. त्यांनी मावशीला हाक मारली तीही दबक्या आवाजात.

मावशीने बाटलीचा गळा मुठीत धरला. तळव्याच्या उबेने साय वितळली, तिचं तेल झालं. काडीच्या टोकाने तिने एक थेंब काकांच्या मनगटावर टेकवला.

"चार टोपल्यांचं हे एवढंसं?" काका म्हणाले.

"आधी वास तर घ्या."

काकांनी मनगट नाकाशी नेलं आणि तसेच पायरीवर बसले. डोळे मिटलेले. 

आता बाग तिप्पट झाली आहे. अत्तरवाला दर हंगामात स्वतः येऊन तेल नेतो. पण प्रत्येक हंगामातली पहिली बाटली मावशी एक दिवस त्याच खिडकीत ठेवते, कुणाला देत नाही. गल्लीतली माणसं चपला काढून आत येतात, बाटलीपुढे उभी राहतात आणि कुजबुजत परत जातात.