चौथ्या चंद्राची नोंद

गेल्या वर्षी एका शनिवारी, शब्बाथला, सकाळी प्रार्थनेहून परतताना मी दाऊद मास्तरांच्या घरी थांबलो आणि टेबलावरच्या बशीतला एक बदाम खाल्ला. मास्तरांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर आधी तोच आठवतो.

आम्ही इस्रायलमधल्या ओफाकिमला राहायला आलो त्याच आठवड्यात मास्तरांची ओळख झाली. मी कोकणातल्या गावच्या शाळेत शिकलेला. ते मुंबईत शिक्षक होते, इथे गिरणीत माझ्याच खात्यात लागले. सरकारी कागद आला की ते आपली पाळी बदलून माझ्याबरोबर येत. म्हणत, "चल, दोघांचं मिळून एका माणसाएवढं हिब्रू होतं."

मुंबईहून आणलेल्या लहान दुर्बिणीतून ते रोज संध्याकाळी गुरू ग्रहाचे चंद्र पाहत आणि वहीत ठिपके काढत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ते प्रथम शोधले, त्यांनाही आधी तीनच दिसले, चौथा काही दिवसांनी, हे ते आम्हाला अंगणात सांगत. "आठवणीवर जायचं नाही. मांडलेलं तेच खरं."

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो आणि त्यात लिहायचे नसते. म्हणून शुक्रवारी ते बशीत मधे गुरूचा खजूर आणि बाजूंना चंद्रांचे बदाम मांडून ठेवत, अन् शनिवारी शब्बाथ उतरल्यावर वहीत उतरवत. हे मला कळले ते बदाम खाल्ला त्याच संध्याकाळी, मास्तरांनी तीनच ठिपके काढले तेव्हा.

"चार होते. काल मी पाहिले की," त्यांच्या पत्नी रिबकाबाई म्हणाल्या.

"बशीत तीन आहेत. डोळे तपासून घे."

बाई खरोखरच बेर्शेबाच्या दवाखान्यात जाऊन आल्या. डोळ्यांत काही दोष निघाला नाही. तरी मास्तरांची थट्टा सुरूच राहिली, आणि बाई दुर्बिणीजवळ येईनाशा झाल्या. मी लाजेने गप्प बसलो.

परमेश्वर मास्तरांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांची नजर अशीच स्वच्छ ठेवो. पण हे मागण्याआधी माझे एक काम राहिले होते. यंदा किप्पूरच्या उपासाच्या आदल्या दिवशी, जेव्हा आपण माणसांची क्षमा मागतो, मी दोघांना समोर बसवून सारे सांगितले.

मास्तरांनी जुनी वही काढली, ते पान उघडले आणि पेन्सिल घेऊन बाईंना विचारले, "कुठे होता गं?"

"उजवीकडे. सगळ्यांत शेवटी."

मी बदाम उचलला होता तो तिथलाच.