पूर्व डावीकडे

माझ्या साळ्याने बाभळीच्या काट्यांत मला दुसरा ठोसा मारला, तेव्हा भरदिवसा सप्तर्षी दिसले. सातच्या सात, वर अरुंधती.

हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात ठेवलेले झेंडे शोधत पळायचं, असा त्याचा खेळ, ओरिएंटियरिंग म्हणतात. जोडीने पळतात. सलग तीन वर्षं ट्रॉफी त्याची. चौथीसाठी जीव टाकत होता आणि ऐन वेळी जोडीदाराला डेंगू झाला. मी म्हटलं, भिया, मल्हारगंजच्या उजेडात गच्चीवरून मी वीस वर्षं धुरकट तेजोमेघ शोधतोय, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर उड्या मारत. तुझे झेंडे तर केशरी-पांढरे, शिवाय मावळत नाहीत. त्याला पटलं.

नकाशा माझ्याकडे, होकायंत्र त्याच्याकडे. पहिले दोन झेंडे सरळ उत्तरेला होते, ते मी घारीसारखे उचलले. तिसरा नकाशाच्या उजव्या अंगाला. मी सांगितलं, पश्चिम.

आता आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून बघतात, म्हणून त्यात पूर्व डावीकडे असते आणि पश्चिम उजवीकडे. वीस वर्षांची सवय, दुसरं काय. तो तीरासारखा पश्चिमेला सुटला. वाटेत आग्या मोहोळ उठलं, बारा हजार माश्या, मी मोजल्या. मग रानडुक्कर आलं. त्याच्या सुळ्याला मी अर्धा कोस लोंबकळलो. शेवटी बाभळीचं बन, आणि झेंडा नाहीच. साळ्याने नकाशा हिसकावून बघितला आणि पहिला ठोसा दिला.

"जिजाजी, मुद्दाम केलं तुम्ही," तो म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता, कारण कोपर मीही हाणलं होतं. "माझी ट्रॉफी बघवत नाही ना?"

मी ताऱ्यांच्या नकाशाचं सांगायला गेलो, तर त्याने मला मानेला धरून दगडावर चंदनासारखं उगाळलं. होकायंत्र आमच्याखाली फुटलं. वेळ संपल्याची शिट्टी लांबून आली तेव्हा त्याचा कान माझ्या दातांत होता. ट्रॉफी गेली.

महिनाभर अबोला. मग एका संध्याकाळी शेवेचा पुडा घेऊन गच्चीवर आला आणि म्हणाला, दाखवा तो नकाशा. तो डोक्यावर धरून त्याने मृगाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत मृगाकडे.

"है तो उलटाच," तो म्हणाला, आणि हात खाली घेता घेता माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. "हे जंगलात आठवलं नाही?"

यंदाही जोडीला मीच आहे. फक्त होकायंत्र माझ्याकडे.