कळसच्या माळावरचे खड्डे

ही हकिगत मी आजवर कोणाला सांगितली नाही. टाळली, असंच म्हणायला हवं. नोकरी होती तोवर नोकरीचं निमित्त होतं, निवृत्त झाल्यावर 'आता जुनं कशाला उकरायचं' हे निमित्त मिळालं. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी प्रा. भगवानराव कोळेकर गेल्याचा फोन आला तेव्हा... तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते लिहायला लाज वाटते. सुटलो, असं वाटलं. ज्यांना सांगायचं होतं तेच राहिले नाहीत. हातातला चहा मी संपवला आणि मग बायकोला सांगितलं, "जळोचीचे आबा गेले." ती रडायला लागली. मला रडू आलं नाही.

कोळेकरसरांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यात कळसच्या माळावर विद्यापीठाचं एक लहानसं वनशास्त्र महाविद्यालय होतं. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, पाण्याची टाकी आणि वर्ग भरेल न भरेल इतके विद्यार्थी. आबा तिथले प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. ते मेंढपाळाच्या घरातले. त्यांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि शाळेत जायच्या आधीची सगळी वर्षं आबा त्या मेंढरांमागं चाललेले. मी कोऱ्हाळ्याच्या माळ्याचा मुलगा. कालव्याच्या पाण्यावर आमच्या रानात मेथी, वांगी, दोडका असं काहीतरी कायम उभं असायचं. वीतभर जागा मोकळी दिसली तरी आमचे हात शिवशिवतात. आबा त्यावरून मला फार छळायचे. "तुमी बागवाले लोक, बबनराव. मोकळं रान दिसलं की तुमाला वाटतं, देव काम अर्धवट टाकून जेवायला गेला." रागावले किंवा खूश झाले की ते असे गावच्या बोलीवर यायचे.

आमच्या महाविद्यालयाची चेष्टा मात्र सगळीकडे एकच होती. वनशास्त्र आहे, वन कुठं आहे? बारामतीच्या एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा विचारायचा, "मास्तर, झाडं आली का तुमची उगवून?" कारण आमच्या माळावर झाड नव्हतंच. आबांनी लावू दिलं नव्हतं. माळाचा एक मोठा तुकडा त्यांनी तारेचं कुंपण घालून राखला होता. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं तिथं कंबरेपर्यंत यायची. निम्म्या भागात ठरावीक दिवसांत गावातल्या तात्यांची मेंढरं चरायची, निम्म्या भागात कोणीच नाही. दर वर्षी दोन्हीकडचं गवत कापून, वाळवून, वजन करायचं. चराई नीट झाली तर माळ मरत नाही, उलट सुधारतो, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी एकच अट होती. जमीन उकरायची नाही. एकदा माती उलटी झाली की तिथं तण माजतं, मूळचं गवत परत येत नाही आणि आधीच्या सगळ्या वर्षांची तुलना फुकट जाते. चिंकारा हरणं त्या गवतात विणीला यायची. पाहुण्यांना आबा कुंपणाशी उभे करून म्हणायचे, "हे जंगलच आहे. फक्त ते तुमच्यापेक्षा बुटकं आहे."

मग विद्यापीठात विलीनीकरणाचा विषय निघाला. आमचं महाविद्यालय बंद करून दुसऱ्या तालुक्यातल्या मोठ्या कृषी महाविद्यालयात मिसळायचं की वेगळं ठेवायचं, हे ठरवायला समिती नेमली गेली. ती दिवाळीनंतर कळसला येणार होती. आम्ही रोज तेवढंच बोलायचो. मी म्हणायचो, "आबा, समितीला दाखवायला काहीतरी हिरवं पाहिजे. दिवाळीनंतर आपला माळ नुसता पिवळा." ते म्हणायचे, "पिवळाच असतो तो. त्यांना पिवळं दाखवू. बाकी हिरवं त्यांच्याकडं ढीगभर हाय." त्यांना खात्री होती की हे काम दुसरं कोणी करत नाही आणि तेवढ्यावरच आपण वाचू. मला तशी खात्री नव्हती. मला भीती होती. मोठ्या महाविद्यालयात आपल्याला कोण विचारणार, कोपऱ्यात कुठंतरी बसवतील, लोक हसतील... आणि खरं सांगायचं तर त्या स्टँडवरच्या हसण्याला मी कंटाळलो होतो.

समिती यायच्या थोडे दिवस आधी आबांच्या आई वारल्या. ते दहाव्यापर्यंत गावी थांबले. जाताना म्हणाले, "बबनराव, मी नसलो तरी काही अडत नाही. समितीला कुंपणाशी न्या, दोन्हीकडचं गवत दाखवा, वजनं सांगा. बाकी काही करू नका." बाकी काही करू नका. हे त्यांचे शब्द होते.

दुसऱ्याच दिवशी मी इंदापूरच्या रोपवाटिकेतून ट्रॅक्टर भरून रोपं आणली. सुबाभूळ, निलगिरी, सिसम, जी मिळाली ती. खड्डे काढायला तात्यांना आणि त्यांच्या भावकीतल्या माणसांना बोलावलं. तात्या म्हणजे तेच, ज्यांची मेंढरं त्या रानात चरायची. पहार खांद्यावर घेऊन ते कुंपणाच्या आत आले आणि गवताकडे बघत थांबले.

"साहेब, हितं खणायचं?"

"हो. सरळ रांगेत."

"आबांना इचारलंय न्हवं?"

मी म्हणालो, "त्यांनीच सांगितलंय."

"आबांनी?" तात्या हसले. त्यांना मी चेष्टा करतोय असं वाटलं. "आवो, ह्या रानात मी काठी रवली तरी आबा वरडत्यात. शिव्या घालत्यात मला."

"तात्या, कॉलेज राहायचं असेल तर हे करावं लागतंय. आबांचाच निरोप आहे. आईचं असं झालं, म्हणून ते स्वतः आले नाहीत."

आबांच्या नावावर त्यांनी पहार मारली. माझ्या नावावर मारली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर ते नाव घेतलं.

समिती आली. अध्यक्ष भला माणूस होता. रांगेतली रोपं, आळी, ताजं शिंपलेलं पाणी पाहून तो म्हणाला, "छान. म्हणजे तुम्हीही वनशेतीच करता की." मी उत्साहानं म्हणालो, "होय साहेब, सुरुवात केलीय." "आणि ते गवताचे प्रयोग?" मी म्हणालो, "ते आता थांबवले. प्रमुखांनीच निर्णय घेतला." त्यानं मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी मी कळसच्या हॉटेलात सगळ्या विद्यार्थ्यांना भजी खाऊ घातली.

दहावा उरकून आबा आले ते मुंडण केलेल्या डोक्यानं. कुंपणापाशी उभे राहिले. मी मागे उभा होतो. मग आत जाऊन एका खड्ड्याजवळ उकिडवे बसले, काठावरच्या मातीत उलटी पडलेली गवताची मुळं हातात घेतली आणि ती परत खाली ठेवून वर माती ओढायला लागले. एक खड्डा, मग पुढचा. "आबा," मी म्हणालो, "वरून फोन आला होता. विद्यापीठातून. मी काय करणार?" त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणाचा फोन?" मी एका अधिकाऱ्याचं नाव घेतलं. पुढं कित्येक वर्षं आबांनी त्या माणसाशी वैर धरलं. त्याला या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ते तात्यांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "तात्या म्हणतो, तुमचंच रान, तुमचाच हुकूम, आता आमची मेंढरं कुठं न्यायची ते बी तुमीच सांगा. बबनराव, तुम्ही काय सांगितलं होतं त्याला?" मी म्हणालो, "मी विद्यापीठाचा हुकूम म्हटलं होतं, आबा. त्याला तो तुमचा वाटला असेल. अडाणी माणूस." अडाणी माणूस... हेही मीच बोललो. आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तात्या त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. कळसच्या बाजारात समोरून आले तरी मान वळवायचे. आबांचे ते लहानपणापासूनचे सोबती होते, एकाच कळपामागं चाललेले.

समितीचा निर्णय उन्हाळ्यात आला. वृक्षलागवड आणि वनशेती मोठ्या महाविद्यालयात आधीपासून चालूच आहे, इथं वेगळं असं काही उरलेलं नाही, प्रमुखांनी स्वतःच गवताचे प्रयोग थांबवले आहेत, सबब विलीनीकरण करावं. आबांनी ते व्हरांड्यात उभ्यानं वाचलं. जे आमचं एकट्याचं होतं ते मी उकरून टाकलं होतं आणि जे सगळ्यांकडे होतं ते लावून ठेवलं होतं. ते मला म्हणाले, "मी थांबवले म्हणून यांना कोणी सांगितलं? हे खोटं आहे असं लिहून पाठवू. तुम्ही सही करा, तुम्ही तिथं हजर होता." मी म्हणालो, "आबा, आता नव्या ठिकाणी सगळ्यांच्या जागा ठरतायत. या वेळी भांडण नको." मग एकट्याच्या सहीनं त्यांनी ते पाठवलं. उत्तर आलं नाही.

नव्या ठिकाणी मला बरी खोली मिळाली. आबांना जिन्याखाली टेबल मिळालं, शेजारी बियाण्यांची पोती. त्यांच्या विषयाला मुलं येईनात. बारामतीहून एसटीनं ते रोज यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, परत जायचे. एक जुना विद्यार्थी त्यांच्या तोंडावर म्हणाला, "सर, शेवटी तुम्हीपण झाडंच लावली ना? मग आम्हाला कशाला इतकी वर्षं गवत शिकवलंत?" मी तिथंच होतो. आबा म्हणाले, "नाही रे बाळा," आणि वर्तमानपत्र पुढं ओढलं. रविवारी ते कळसच्या माळावर जायचे आणि सुबाभळीची रोपं उपटायचे. बाकीची झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, सुबाभूळ तेवढी राहिली आणि तिचं बी पसरलं. उकरलेल्या मातीत गाजरगवत माजलं. एकदा मीही बरोबर गेलो. दोघं मिळून उपटत होतो. तळहात सोलून निघाले. "सोडा आबा, हे संपणार नाही," मी म्हणालो. "व्हय," ते म्हणाले, "संपणार न्हाय," आणि पुढच्या रोपाकडे सरकले. त्या दिवशी सांगायला हवं होतं. माळावर आम्ही दोघंच होतो.

निवृत्तीनंतर ते जळोचीत राहायला आले, मी बारामतीत. बँकेत, भाजीबाजारात, लग्नाकार्यात भेटायचो. दर भेटीत मी ठरवायचो, आणि दर भेटीत ते इतक्या मायेनं माझ्या मुलाबाळांची चौकशी करायचे की... नाही, त्यांच्या मायेवर ढकलण्यात अर्थ नाही. मी भित्रा होतो.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. गेल्या पावसाळ्यात मी एकदा मनाशी पक्कं करून गेलो. रिक्षात बसून वाक्य घोकलं होतं. त्यांची जीभ जड झाली होती, पण कळत होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बबनराव, एक इचारू?" "बोला की आबा." "आईच्या धाव्याला मी थांबलो नसतो, तर?" मला आधी समजलंच नाही. ते थांबून थांबून पुढं म्हणाले, "लगीच माघारी आलो असतो, तर माळ वाचला असता. आईला काय, ती गेलीच होती... मी कशाला बसून राह्यलो तितं?" इतकी वर्षं हा माणूस स्वतःला दोष देत होता. आईचं सुतक पाळल्याचा दोष. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "जाऊ द्या आबा. आता कशाला ते." माझं घोकलेलं वाक्य तसंच परत घेऊन मी घरी आलो.

त्यांच्या दहाव्याला कऱ्हेच्या घाटावर पुष्कळ माणसं जमली होती. फलकावर फोटोखाली 'वृक्षमित्र' असं छापलं होतं. एकामागून एक माणसं माईकपाशी येऊन बोलत होती. कळसच्या उजाड माळावर सरांनी झाडं लावली, असं दोघा-तिघांनी सांगितलं. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय म्हणून मी हातानंच नको म्हटलं. तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा मुलगा आला होता. तो लांब, पायरीच्या कडेला उभा राहिला आणि भाषणं संपायच्या आत निघून गेला.

मग आबांचा मुलगा माझ्याजवळ आला. तो नोकरीनिमित्त कायम बाहेर राहिलेला, गुणी मुलगा. म्हणाला, "काका, राख नदीत नाही सोडायची असं ठरवलंय. घरामागं खड्डा घेऊन त्यात झाड लावणार आहे. बाबांना कोणतं झाड आवडायचं? तुम्हालाच माहीत असणार." मी म्हणालो, "कडुनिंब."

वहिनी, आबांच्या पत्नी, शेजारीच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "झाड?" त्या म्हणाल्या. "ह्यांना?" आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. त्या वाट पाहत होत्या, की इतक्या माणसांत एक तरी जण खरं काय ते सांगेल. मुलगाही माझ्याकडे बघत होता. वाक्य माझ्याजवळ होतं. ते खड्डे मी काढायला लावले, आबांनी नाही. त्यांचं नाव मी वापरलं. त्यांनी कधी काही थांबवलं नव्हतं. मला माफ करा.

"वहिनी..." मी म्हणालो. त्या थोड्या पुढे झुकल्या.

"कडुनिंबच बरा," मी म्हणालो. "सावली चांगली पडते."