पाण्याची टॉर्च

जाड ॲल्युमिनियम जोडायचं असेल तर पाण्यावर थंड राहणारी वेल्डिंगची टॉर्च घ्यावी, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. एवढं साधं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. एरवी वर्कशॉपची गोष्ट सांगताना मी सुरुवात दुसरीकडून करतो. तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून पत्र्याची शेड, आधी नुसती ग्रिल आणि गेटची कामं, मग टिग वेल्डिंगचं मशीन आलं, मग चिंचणी-डहाणूचे बोटवाले यायला लागले, असं. टॉर्चपाशी आलो की मी विषय बदलतो.

टिगचं काम भावोजी करायचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तारापूरच्या कारखान्यातलं त्यांचं काम सुटलं तेव्हा ताई म्हणाली, "तुझ्या हाताखाली नको म्हणू, तुझ्या सोबतीला घे." मी घेतलं. घरी ते जावई, पहिलं ताट त्यांचं. शेडमध्ये मात्र चावी माझ्या खिशात. या दोन्ही गोष्टी एका माणसाशी सांभाळताना आम्हाला दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांनी त्यावर स्वतःपुरता एक नेम करून टाकला होता. सासरच्या माणसाकडे तोंडानं काही मागायचं नाही. हातमोजे फाटले तर फाटके मोजे माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून जायचे. मी पाहीन तेव्हा पाहीन. पाहिलं नाही तर त्याच मोज्यांना आतून कापड लावून वापरायचे.

टॉर्च मात्र त्यांनी मागितली होती. एकदाच. बोटींची कामं यायला लागली तेव्हा चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलं तर पाण्याची टॉर्च बघशील? हा माल जाड असतो. आपण दिलेली उष्णता सगळी पिऊन घेतो. करंट वाढवावा लागतो, आणि मग साधी टॉर्च हातात धरवत नाही."

मी वापीला गेलो. दुकानदारानंही, न विचारता, तेच सांगितलं. "जाडा माल करता ने? मग हवावाली नाय चालणार, भाई. पाणीवाली घ्या, जोडीला कूलर घ्या. पाणी फिरत राहणार, हाथ थंडा राहणार."

मी हवावाली घेऊन आलो. भावोजींना म्हटलं, पाण्याची मिळाली नाही.

कूलर म्हणजे आणखी एक यंत्र, नळी फुटली तर विजेजवळ पाणी, आपल्या बोअरचं पाणी खारट, अशी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. ती खोटी नव्हती, पण त्या दिवशी त्यांतलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होता चिंचणीचा एक बोटवाला. त्याच आठवड्यात तो आला, टेबलाशी बसलेल्या माझ्यावरून नजर फिरवून सरळ आत गेला आणि भावोजींना म्हणाला, "शेठ, तुम्हीच हात लावा याला." भावोजी हसून म्हणाले, "अरे, शेठ तो बाहेर बसलाय. मी पाहुणा." दोघं हसले. मीही हसलो. बस, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. करंट वाढवला की टॉर्चची मूठ तापायची. भावोजी तिला ओलं फडकं गुंडाळायचे, कधी त्यातून झटका बसायचा. मग थांबायचं, मूठ निवली की पुन्हा सुरू करायचं. तोवर ॲल्युमिनियम गार पडलेलं असायचं. वेल्डची रेघ एकसारखी यायची नाही, ठिगळं लावल्यासारखी दिसायची, आत धातू धरायचा नाही. एक काम परत आलं. मग आणखी एक आलं.

तेव्हा मी जे बोललो ते खरं लिहायचं आहे. टॉर्चपेक्षा तेच मोठं आहे. मी म्हटलं, "भावोजी, हात कापतो का हो तुमचा हल्ली?"

त्यांनी मोजा काढला, हात समोर धरून पाहिला. कापत नव्हता. "कापत असेल," ते म्हणाले.

मी ते तसंच राहू दिलं. परत आलेल्या कामाबद्दल कुणी विचारलं की म्हणायचो, वय झालं आता त्यांचं. थोड्याच दिवसांत त्यांनी आपणहून टॉर्च खुंटीला अडकवली आणि ग्राइंडर उचलला. "टिग तू कर. माझ्याच्यानं होत नाही." मग कधीतरी जाड पट्टीचं एक काम मला स्वतःला करावं लागलं. अर्धी पट्टी झाली नाही तोच मोज्याच्या आत तळहात भाजायला लागला, आणि मी टॉर्च टाकून बाहेर येऊन उभा राहिलो. भावोजींनी ती महिनोन्महिने धरली होती. आत जाऊन सांगायला हवं होतं. आत ते ग्राइंडर चालवत होते, आवाज मोठा होता, मी तेवढं निमित्त धरलं. त्यानंतर जाड कामं घेणंच मी बंद केलं.

यंदा मासेमारीची बंदी उठायला थोडे दिवस असताना तोच चिंचणीचा बोटवाला टेम्पोतून गिअरबॉक्स घेऊन आला. ॲल्युमिनियमचं जाड ओतीव घर, आणि गिअरबॉक्स बोटीत ज्या कानावर बसवतात तो कान तडकलेला. नवा मिळेपर्यंत बोट किनाऱ्यावरच राहिली असती. "शेठनी केलं तरच ठेवतो," तो म्हणाला, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

भावोजींनी ग्राइंडर बंद केला. "माझा हात गेला रे बाबा," अगदी सहज म्हणाले, बस गेली म्हणावं तसं. "दुसरीकडे ने."

मी बोटवाल्याला म्हटलं, "ठेवून जा." आणि भावोजींना म्हटलं, "उद्या वापीला जायचंय. पाण्याची टॉर्च आणू."

"कुणासाठी?"

"चला तर खरं."

मी मुद्दाम त्याच दुकानात नेलं. वाटलं, दुकानदार मला ओळखेल, म्हणेल, तेव्हाच सांगितलं होतं की तुम्हाला, आणि माझं काम परस्पर होईल. त्यानं ओळखलं नाही. दोन टॉर्च काउंटरवर ठेवल्या आणि पाण्याच्या टॉर्चच्या नळ्या उलगडून दाखवू लागला. एकीतून गॅस, एकीतून गार पाणी जातं, तिसरीतून तापलेलं पाणी परत येतं, आणि विजेची तारही त्या परतीच्या पाण्यातूनच आणलेली असते, म्हणून तार बारीक आणि टॉर्च हलकी. भावोजी ऐकत होते. कारखान्यात त्यांनी ती वापरलेली होती, त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी ऐकत होते.

मग त्यांनी टॉर्च हातात घेतली. मुठीवर अंगठ्यानं दाबायचं बटण होतं. त्यांनी ते दाबलं, आणि दाबलं गेलं की नाही हे मान वाकवून डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. भाजून भाजून निबर झालेल्या अंगठ्याला कळत नव्हतं.

"याला पायानं चालवायचं पेडल मिळेल का?" त्यांनी विचारलं. दुकानदार पेडल आणायला आत गेला.

मी म्हटलं, "भावोजी, तेव्हा पाण्याची होती इथे. मीच घेतली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"यानंही सांगितलं होतं, घ्या म्हणून. तुम्हाला लोक शेठ म्हणायचे, ते मला सहन झालं नाही. आणि काम बिघडायचं ते टॉर्चमुळे. तुमचा हात कधीच कापत नव्हता."

मला वाटलं, टॉर्च ठेवतील आणि निघून जातील.

"म्हणजे माझा हात बरा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीच नाही कापला?"

"नाही."

"मी रोज सकाळी पेला काठोकाठ भरून धरायचो," ते म्हणाले. "पाणी हलतं का बघायला. हलायचं नाही. मग मला वाटायचं, माझी नजरही गेली." त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवायला जागाच राहिली नव्हती.

दुकानदार पेडल घेऊन आला. नळी किती लांब देऊ म्हणाला. मी म्हटलं, चार मीटर पुरे.

"तुला विचारलं नाही," भावोजी म्हणाले. "आठ द्या. बोटीवर चढून काम करायला लागतं."

आणि मग ते मागत गेले. मोठ्या टाकीचा कूलर मागितला. पाणी थांबलं तर करंट आपोआप तोडणारा स्विच मागितला. टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची जाड कांडी, तिला बसणारे सिरॅमिक कप, बोअरचं पाणी चालत नाही म्हणून कूलंटचा कॅन. शेवटी मोजे मागितले, आणि एक जोडी नको, दोन द्या म्हणाले. दर वेळी मागून झालं की माझ्याकडे बघायचे, मी नाही म्हणतो का ते. मी मान डोलवत होतो.

येताना टेम्पोत ते एकच वाक्य बोलले. "तिला तू सांगायचं."

ताईचं घर झरीच्या बाजूला. ती अंगणात सुकवलेला जवळा भरून ठेवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. भावोजी ओटीवर पाठ करून बसले होते. ताईचे हात थांबले नाहीत.

"मी रोज सांगायचे यांना, तुमचा हात कापत नाही म्हणून," ती म्हणाली. "बायको आहे मी, माझं पटलं नाही. तुझं पटलं. तू कारागीर ना." मग जरा वेळानं, "आई असती तर तुझ्या थोबाडीत दिली असती."

"तू दे."

"माझे हात जवळ्याचे आहेत," ती म्हणाली, आणि भावोजी ओटीवरून हसले. पाठमोरेच हसले, पण हसले. ताईनं मला जेवायला थांब म्हटलं नाही. तिच्या दारातून मी न जेवता निघालो, असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी माझ्या आधी शेडवर होते. गिअरबॉक्सचं तेल पुसून, चीर कोरून, कान गॅसनं शेकत बसले होते. मी कूलरमध्ये कूलंट ओतलं. पंप घुमायला लागला. त्यांनी उजव्या हातात टॉर्च घेतली, पाय पेडलवर ठेवला, आणि थांबले.

"परतीची नळी कूलरपाशी धरून बस," म्हणाले. "गरम लागली की सांग. मला या हाताला कळत नाही."

मी खाली बसलो. नळीभोवती मूठ केली. त्यांनी मास्क खाली घेतला आणि प्रकाश झाला. मी डोळे फिरवून भिंतीकडे पाहत होतो. थांबणं नव्हतं, फडकं नव्हतं, नुसता एकसुरी गुंजारव चालला होता. नळीतून त्यांच्या मुठीतली उष्णता माझ्या तळहाताखालून वाहत होती.

"कशी आहे?" मास्कच्या आतून त्यांनी विचारलं.

"कोमट."

"नक्की?"

"नक्की, भावोजी. कोमटच आहे."

प्रकाश थांबला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. कान पूर्ण होईपर्यंत ते विचारत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी नळी नव्यानं दाबून, नीट पाहून मगच उत्तर दिलं.